बाबासाहेबांची शब्दांची पारख

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र असणार, हे वाचक धरूनच चालतात. महूचा जन्म, परदेशातले शिक्षण, महाडचा संग्राम, राज्यघटना, नागपूरची दीक्षा, महापरिनिर्वाण हा क्रम आपल्या वस्तीतल्या लहान मुलांनासुद्धा पाठ आहे. म्हणून या लेखात तेच चरित्र एका वेगळ्या धाग्यात ओवले आहे. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या दोन कल्पना समोर आल्या की बाबासाहेब त्यांतली एक कशी निवडत, हा तो धागा.

धर्म आणि धम्म, करुणा आणि मैत्री, बंधुता आणि समता, आत्मा आणि पुनर्भव, सवलत आणि हक्क. हे शब्द कानाला जवळचे वाटतात. शब्दांचा एवढा कीस कशाला काढायचा, भावना चांगली असली म्हणजे झाले, असे कुणी म्हणेल. बाबासाहेबांनी मात्र जन्मभर हा कीस काढला. ते नुसते शब्दपंडित नव्हते. चुकीची कल्पना स्वीकारली तर तिची किंमत शेवटच्या पायरीवरच्या माणसाला मोजावी लागते, हे त्यांनी लहानपणीच अनुभवले होते.

सोपाऱ्याचा शिलालेख

ही पारख बौद्ध परंपरेला नवी नाही, आणि तिचा फार जुना पुरावा आपल्याच जिल्ह्यात सापडला आहे. बोईसरहून विरारकडची गाडी धरली की वाटेत पालघर, सफाळे, वैतरणा लागते आणि विरारच्या पुढे नालासोपारा. हेच प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकरला आणि आतून स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी करंडक होता आणि त्यात धातूच्या आठ बुद्धमूर्ती होत्या. त्याच काळात सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ साली सापडला, म्हणजे ज्या वर्षी नागपूरला दीक्षा झाली त्याच वर्षी.

या दोन लेखांचा विषय बघण्यासारखा आहे. आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि मौज. आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली, म्हणजे श्रमणांची आणि वृद्धांची भेट, दान, गावोगावच्या लोकांशी धम्माची चर्चा. यात्रा दोन्ही, राजा तोच, रथही तेच. पण एका यात्रेतून लोकांच्या पदरात काही पडते, दुसरीतून पडत नाही. नवव्या लेखात मंगलकार्यांचा विषय आहे. आजारपण, लग्न, मूल जन्मणे, प्रवासाला निघणे, या सगळ्या वेळी लोक नाना मंगलविधी करतात आणि त्यांचे फळ थोडे असते. खरे मंगल म्हणजे दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम. अशोकाने मंगल हा शब्द टाकला नाही. त्याचा अर्थ बदलला, आणि नोकर-दासांना त्या अर्थात जागा दिली.

सुमारे २,२५० वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर हे दगडात कोरले गेले. बाबासाहेबांनी विसाव्या शतकात हेच काम माणसांच्या मनावर केले.

परवानगी आणि हक्क

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, आई भीमाबाई, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील कबीरपंथी, शिक्षणाचे कडक भोक्ते. सातारच्या शाळेत भीमाला प्रवेश मिळाला होता. कागदोपत्री तो इतर मुलांसारखाच विद्यार्थी. पण बसायला गोणपाट वेगळे, आणि तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तसेच घरी जायचे.

आता बघा, शाळेत पाणी नव्हते काय? होते. भीमाला पाणी मिळत नव्हते काय? कधीकधी मिळत होते. पण दुसऱ्याच्या मर्जीने मिळणारे पाणी आणि आपल्या हाताने घेतलेले पाणी यांत फरक आहे. परवानगी आणि हक्क या दोन कल्पनांतले अंतर हे पोर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून शिकले नाही, कोरड्या घशाने शिकले.

१९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्कारात कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बुद्धाची ओळख तिथे झाली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी. ए., आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ.

रोगाचे नाव चुकले तर औषध चुकते

कोलंबियाला त्यांना जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ गुरू लाभले. एखाद्या कल्पनेचा खरेपणा ती वापरल्यावर काय घडते यावरून जोखायचा, अशी ड्यूईंची विचारपद्धती. कल्पना म्हणजे हत्यार. हत्यार चांगले की वाईट हे काम करताना कळते. विद्यार्थी भीमरावांनी ही पद्धत उचलली आणि आपल्या देशाच्या प्रश्नाला लावली.

९ मे १९१६ रोजी त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्या वेळचे विद्वान जातीची व्याख्या वेगवेगळी करत. कुणी म्हणे विटाळ हे जातीचे मर्म, कुणी म्हणे धंदा, कुणी म्हणे वंश. बाबासाहेबांनी ठरवले की मर्म आहे जातीतल्या जातीत लग्न. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागोमाग येतात. जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग.

हा नुसता विद्वानांचा वाद नव्हता. विटाळ हे मर्म धरले तर आंघोळ, स्वच्छता आणि एका पंगतीत जेवण हा उपाय ठरतो. धंदा हे मर्म धरले तर नोकरी बदलली की जात गेली असे समजावे लागते. लग्नबंधन हे मर्म धरले तर उपाय तिथेच शोधावा लागतो. वीस वर्षांनी, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी हे धागे पूर्ण केले. सहभोजनाने जात मोडत नाही, कारण लोक एकत्र जेवून संध्याकाळी आपापल्या जातीत परत जातात. आंतरजातीय विवाहाने मोडेल, पण ज्या ग्रंथांना पवित्र मानून लोक जात पाळतात त्यांचे प्रामाण्य आधी गेले पाहिजे. मंडळाला ते भाषण पचले नाही, परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले.

त्याच भाषणात आणखी एक जोडी आहे. जात म्हणजे श्रमविभागणी, जगात सगळीकडे असतेच, असे जातीचे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवले की जात कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच एकावर एक रचून त्यांच्यात भिंती घालते. तारापूर एमआयडीसीत फिटर, वेल्डर, ऑपरेटर अशी कामे वेगळी आहेत ती श्रमविभागणी. फिटरच्या मुलाला ऑपरेटर होता येते. गटार साफ करणाऱ्याच्या मुलाने गटारच साफ करावे असे ठरलेले असते तिथे दुसरी गोष्ट सुरू होते.

महाड, येरवडा आणि कोणी निवडायचे हा प्रश्न

लंडनचे शिक्षण पुरे करून, डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली बाबासाहेब परतले. त्याच वर्षी रावबहादूर बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळाला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो हक्क कागदावरून जमिनीवर आला. नंतर सनातन्यांनी तळे शेणगोमूत्राने शुद्ध करून घेतले आणि कोर्टात दावा लावला की तळे सार्वजनिक नाहीच, खासगी आहे. दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका तळ्याला सार्वजनिक म्हणायचे की खासगी, एवढ्या शब्दावर ही लढाई होती.

१९३२ सालचा प्रसंग तर याहून कठीण. गोलमेज परिषदेनंतर ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात उपोषण सुरू केले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि स्वतंत्र मतदारसंघांच्या जागी संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा आल्या. वरून पाहिले तर दोन्हीकडे आपलाच माणूस निवडून येतो, उलट जागा वाढल्या, मग तक्रार कसली? बाबासाहेब एकच गोष्ट पाहत होते. त्या माणसाला निवडतो कोण? ज्याच्या मतावर तो निवडून येतो त्याचेच तो ऐकणार. म्हणूनच त्यांनी करारात प्राथमिक निवडणुकीची अट घालून घेतली, की आधी अस्पृश्य मतदारांनीच चार उमेदवार ठरवावेत. तरी १९४६ च्या निवडणुकीत धोका दिसलाच. प्राथमिक फेरीत आपल्या लोकांची सर्वाधिक मते घेतलेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार काही ठिकाणी अंतिम फेरीत पडले. प्रतिनिधी आणि नुसता राखीव जागेवर बसलेला माणूस, या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्या निकालांनी शिकवले.

संप हा गुन्हा की करारभंग?

आपल्या बोईसर-तारापूर भागातल्या कामगारांनी बाबासाहेबांच्या चरित्राचे हे पान विशेष लक्षात ठेवावे. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधानसभेत मांडले. १९३८ साली सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यात काही परिस्थितींत संप केल्यास कामगाराला शिक्षा ठरवली होती.

विधानसभेत बाबासाहेबांनी जे मांडले ते वकिली बुद्धीचे आणि तत्त्वज्ञानाचेही उत्तम उदाहरण आहे. कामावर न जाणे म्हणजे नोकरीचा करार मोडणे. करार मोडला तर मालकाने नुकसानभरपाई मागावी, तो दिवाणी विषय. पण करार मोडणे हाच फौजदारी गुन्हा ठरवला तर अर्थ असा होतो, की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपायची सोय कायद्याने केली. माणसाला मनाविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामी. करारभंग आणि गुन्हा, दोन्ही चूकच म्हणून एका रांगेत बसवायचे हे शब्द. एकाच्या शेवटी पगार कापला जातो, दुसऱ्याच्या शेवटी तुरुंग आहे. विधेयक मंजूर झाले, पण ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत त्याविरुद्ध एक दिवसाचा मोठा संप झाला आणि बाबासाहेब त्याच्या अग्रभागी होते.

पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आठ तासांची पाळी आणि एक सुट्टी, हा हिशेब तिथला. आज ठेकेदारीवर राबणाऱ्या आपल्या कित्येक भावाबहिणींची पाळी बारा तासांची होते, तेव्हा तो हिशेब कुणी घातला होता याची आठवण ठेवली पाहिजे.

घटनेतला एक शब्द

१५ ऑगस्ट १९४७ ला ते देशाचे कायदामंत्री झाले आणि २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष झाले. इथेही जोड्या सुटल्या नाहीत. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे, दोन्ही चांगल्याच गोष्टी सांगतात. पण हक्क मोडला तर कोर्टाचे दार ठोठावता येते, तत्त्व मोडले तर येत नाही. म्हणून कोर्टात जाण्याचा हक्क देणाऱ्या ३२ व्या कलमाला त्यांनी सगळ्या घटनेचे काळीज मानले. अस्पृश्यतेला त्यांनी मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले नाही. १७ व्या कलमाने ती मूलभूत हक्कांच्या भागात नष्ट केली आणि तिचे पालन हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला.

दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीपुढे आलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय होता, स्वातंत्र्य होते, समता होती, बंधुता नव्हती. सरनाम्यात बंधुता हा शब्द मसुदा समितीने घातला. समता आणि स्वातंत्र्य आहे, मग बंधुता वेगळी कशाला? बाबासाहेबांचे उत्तर असे, की नुसते स्वातंत्र्य दिले तर बलवान दुर्बलाला खातो आणि नुसती समता लादली तर माणसाचा उत्साह मरतो. दोन्ही एकत्र नांदवायचे तर माणसाला माणसाविषयी आपलेपणा हवा. तो नसेल तर पोलीस उभा असेपर्यंतच कायदा पाळला जातो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातही त्यांनी हाच इशारा दिला. राजकारणात एक माणूस एक मत झाले, पण घरात, गावात, धंद्यात विषमता तशीच राहिली तर ही लोकशाही टिकणार नाही.

ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले, की ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली आहे. बंधुतेपेक्षा बुद्धाचा मैत्री हा शब्द अधिक नेमका, असेही त्यांनी आपल्या लेखनात नोंदवले आहे.

धर्म नको, धम्म हवा

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर एकवीस वर्षे त्यांनी धर्मांची तपासणी केली. शीख धर्माचाही गंभीर विचार केला. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकातील लेखात त्यांनी आपल्या कसोट्या मांडल्या. समाजाला बांधून ठेवणारी नीती त्या धर्मात असावी, तो बुद्धीला पटावा, त्यात स्वातंत्र्य, समता, बंधुता असावी, आणि त्याने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. यांतली प्रत्येक कसोटी माणसाच्या या जन्मातल्या जगण्याशी बांधलेली आहे.

त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात ही पारख शिगेला पोचते. धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब समजली जाते आणि ती देव, आत्मा, सृष्टीची उत्पत्ती यांभोवती फिरते. धम्म मात्र दोन माणसे एकत्र आली की सुरू होतो, कारण तो माणसाने माणसाशी कसे वागावे याविषयी आहे. एकट्याला धम्माची गरज नाही, समाजाला आहे.

करुणा आणि मैत्री यांचेही तसेच. करुणा माणसांपुरती, मैत्री त्यापलीकडे सर्व प्राणिमात्रांना कवेत घेणारी, असा भेद त्यांनी सांगितला. विद्या आणि प्रज्ञा यांतही भेद केला. नुसती विद्या दुधारी तलवारीसारखी, शीलाशिवाय ती दुसऱ्याच्या गळ्यावरही फिरते. अहिंसेचा प्रश्न आला तेव्हा मारण्याची हौस आणि मारण्याची निकड यांतले अंतर त्यांनी दाखवले. अहिंसा हा आंधळेपणाने पाळायचा नियम नाही, विवेकाने लावायचे तत्त्व आहे.

पण सर्वांत मोठी निवड कर्माच्या सिद्धांताविषयी. कर्म हा शब्द ब्राह्मणी ग्रंथांत आहे आणि बौद्ध ग्रंथांतही. पहिल्यात आत्मा मागच्या जन्मीचे पाप घेऊन या जन्मी येतो आणि म्हणून कुणी महाराच्या घरी जन्मतो, कुणी राजाच्या. बाबासाहेबांनी विचारले, की हे मान्य केले तर फायदा कुणाचा? गरिबीला गरीबच जबाबदार ठरतो, राज्यकर्ते आणि धनवान सुटतात. शिवाय बुद्ध आत्माच मानत नाही, तर पाप वाहून आणणार कोण? म्हणून त्यांनी बुद्धाचे कर्म हे समाजाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून घेतले. आपण आज जसे वागतो तसा उद्याचा समाज घडतो. शब्द तोच, पण एका अर्थाने माणूस नशिबाला हात लावून बसतो, दुसऱ्या अर्थाने उठून उभा राहतो.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथाही त्यांनी याच नजरेने पाहिली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात युद्धाला विरोध केला म्हणून सिद्धार्थाला घर सोडावे लागले, ही कथा त्यांनी घेतली. ज्याने चवदार तळे पाहिले त्याला पाण्याचा तंटा काय असतो ते सांगायला नको. सर्व पंडितांना ही मांडणी मान्य झाली नाही, आजही होत नाही. बाबासाहेबांना त्याची जाणीव होती. म्हणून ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी गृहत्याग, चार आर्यसत्ये, आत्मा-कर्म-पुनर्जन्म आणि भिक्खू हे चार प्रश्न वाचकापुढे उघड ठेवले. भिक्खू हा स्वतःपुरता पूर्ण माणूस की लोकांचा सेवक, हे ठरवा असे सांगितले. सेवक नसेल तर धम्माला त्याचा उपयोग नाही, हे त्यांचे मत.

नागपूर आणि त्यापुढचा रकाना

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी पूज्य चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. यातही एक निवड होती. पूर्वी संघदीक्षा होती, भिक्खूंसाठी. गृहस्थ उपासकाला वेगळी दीक्षा नव्हती, त्यामुळे तो आज बुद्धाला वंदन करी आणि उद्या दुसऱ्या देवाला. भारतात बौद्ध धम्म विरून जाण्याचे हे एक कारण बाबासाहेबांना दिसले. म्हणून घरसंसार करणाऱ्यांसाठी धम्मदीक्षा, आणि जुने काय सोडले ते बोलून दाखवणाऱ्या प्रतिज्ञा.

नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर बोलले. दोघांनाही शोषण संपवायचे आहे. मार्क्सवाद्यांचा मार्ग बळाचा, बुद्धाचा मन वळवण्याचा. बळ काढून घेतले की मागे काय उरते, या प्रश्नावर त्यांनी बुद्ध निवडला. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी लाखोंनी त्यांना निरोप दिला.

त्यांच्या निवडीची किंमत मागे राहिलेल्यांनी मोजली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ साली त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. बौद्ध असे लिहिले की केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने आपल्या सवलती बौद्धांना लागू केल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडावे लागले. मधली चौतीस वर्षे आपल्या आईबापांनी फॉर्मवरच्या एका रकान्यापुढे पेन हातात धरून विचार केला आहे. अणुशक्ती केंद्र १९६९ साली सुरू झाले, मागोमाग एमआयडीसी वाढली, आणि विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकणातून माणसे नोकरीच्या आशेने या भागात आली. त्यांतल्या कित्येकांपुढे हा रकाना होता. एका शब्दाने नोकरीची वाट सोपी होत होती, दुसऱ्याने दीक्षाभूमीवर घेतलेल्या प्रतिज्ञेशी इमान राहत होते. ज्यांनी जो शब्द लिहिला त्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. पण शब्दाला किंमत असते हे त्या पिढीला कुणी शिकवावे लागले नाही.

आपल्यापुढची निवड

आता आपल्यापुढेही अशा जोड्या आहेत. विहार आणि देऊळ यांत फरक काय? मेणबत्ती लावून, डोके टेकवून घरी जायचे असेल तर फार नाही. मुलांना अभ्यासाला टेबल, कामगाराला कायद्याची माहिती, बायांना मनातले बोलायला जागा मिळत असेल तर फरक आहे. दान आणि भीक, वर्गणी आणि जबाबदारी, बाबासाहेबांची पूजा आणि बाबासाहेबांचे अनुयायित्व, याही तशाच जोड्या. दिसायला सारख्या, परिणामात वेगळ्या.

बाबासाहेबांची कसोटी साधी होती. ही कल्पना मानली तर उद्या सकाळी कुणाच्या वागण्यात काय बदलेल, आणि तो बदल खालच्या माणसाच्या बाजूचा असेल की वरच्या, एवढे विचारायचे. उत्तर मिळाले की शब्द आपोआप ठरतो. दर रविवारच्या वंदनेनंतर उपासक-उपासिकांनी अर्धा तास बसून अशी एकेक जोडी चर्चेला घेतली, तर आपले विहार सोपाऱ्याच्या त्या दगडाशी नाते सांगू शकेल.

नमो बुद्धाय. जय भीम.